सुतारकामाचा क्लास लावावा का? (दोन दिवसांचे साडेआठ हजार!)

दाढदुखी | शनिवार, रात्री ११:२०

मंडळी, सल्ला हवाय. आधी थोडी पार्श्वभूमी. मी डेंटिस्ट, वय ४१, सिंहगड रोडला राहते. गेल्या वर्षी दवाखान्याचं इंटिरियर केलं तेव्हा सुतार जे काही काम करत होते ते मी पेशंट नसला की तासन् तास बघत बसायचे, इतकं की त्यांच्यातला एक जण म्हणाला मॅडम तुम्हाला पण एक रंधा देऊ का. तो गमतीत म्हणाला पण मला खरंच हवा होता.

तर आता पुण्यातच एक क्लास सापडलाय. शनि-रवि दोन दिवस, १० ते ५, फी साडेआठ हजार, लाकूड आणि जेवण त्यातच. पाइनच्या लाकडाचं छोटं स्टूल करून घरी न्यायचं. फोटो बघितले, सगळे लोक गॉगल आणि एप्रन घालून हसतायत, स्टूल पण छान दिसतंय. बुकिंगचं पान उघडून तीन वेळा बंद केलंय.

अडचणी अशा आहेत. एक म्हणजे बोटं. माझी दहा बोटं म्हणजे माझी रोजीरोटी, एखादं जरी महिनाभर बांधून ठेवावं लागलं तर दवाखाना बंद. दुसरं, घरात जागा नाही, टू बीएचके आणि एक बाल्कनी, त्यातही अर्ध्या बाल्कनीत सासूबाईंची तुळस आणि कढीपत्ता. तिसरं नवऱ्याचं म्हणणं, की तू कथ्थक, मग मातीच्या कुंड्या बनवणं, मग जर्मन, हे सगळं अर्ध्यावर सोडलंस. यात तथ्य आहे हे मी इथे कबूल करते, घरी नाही.

कुणी असा क्लास केलाय का? दोन दिवसांत काही येतं का, की फक्त फोटो काढून घरी?

---

प्लायबहाद्दर | रात्री ११:४८

करा करा बिनधास्त करा. मी केला होता असाच एक, दुसऱ्या शहरात, स्टूल अजून आहे, त्यावर मुलगा चढून बेसिनला हात धुतो. पैसे वसूल.

फक्त एक सांगतो, त्यानंतर मी एकही गोष्ट बनवली नाही.

---

शंकेखोर | रविवार, सकाळी ७:०५

साडेआठ हजारात बाजारात चांगली तीन स्टुलं येतील, सागवानी नाही पण येतील. आणि शिकायचंच तर युट्यूब आहे की. माझ्या मेव्हण्याने सगळं युट्यूब बघून केलं, घरात एक टीव्ही युनिट आहे त्याने केलेलं. (जरा डावीकडे कलतंय पण टीव्ही पडला नाही अजून.)

---

मी_अनु७८ | सकाळी ८:३०

@शंकेखोर, व्हिडिओत तुम्हाला करवत दिसते, करवतीला तुमचं कोपर दिसत नाही :) कुणीतरी शेजारी उभं राहून "अहो खांदा खाली घ्या" म्हणायला लागतं. पोहणं शिकल्यासारखंच.

दाढदुखी ताई, तुम्हाला नक्की काय हवंय? स्टूल हवंय की सुतारकाम यायला हवंय? म्हणजे उत्तर त्यावर आहे असं मला वाटतं. मला स्वतःला दुसऱ्यात इंटरेस्ट असल्याने धागा बुकमार्क केलाय.

---

दाढदुखी | सकाळी ९:१५

अनु, चांगला प्रश्न. स्टूल नकोय खरं तर. मला त्या सुताराच्या हातात जे होतं ते हवंय. तो फळी उचलायचा, एक डोळा मिटून काठावरून बघायचा, आणि म्हणायचा "दीड सूत उचललीय". मी टेप लावून बघितलं एकदा. होती.

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मलाही तेव्हाच कळलं, सुतारांचा सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिलिमीटर वगैरे त्यांच्यात फक्त प्लायच्या जाडीला.)

---

आयटीआय_नाना | सकाळी १०:४०

नमस्कार. मी रिटायर्ड इन्स्ट्रक्टर आहे, कारपेंटर ट्रेडला पोरं शिकवली, २६ वर्षं. म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

दोन दिवसांत स्टूल होतं याचा अर्थ बहुतेक कामं आधी झालेली असतात. लाकूड आधीच मशीनवर चारी बाजूंनी सरळ करून ठेवलेलं, माप आधीच ठरलेलं, सांधे बहुतेक स्क्रूचे किंवा मशीनने पाडलेल्या भोकांत खुंटी घालून. तुम्ही जोडणार, घासणार, तेल लावणार. हे वाईट नाही, माणसाला लाकडाची भीती जाते. पण फळी बघून दीड सूत सांगणारी नजर त्यात येणार नाही कारण वाकडी फळी तुमच्या हातात कुणी देणारच नाही.

आमच्याकडे पोरं आली की पहिले कित्येक दिवस काय करायची? रेघ मारायची आणि रेघेवर कापायचं. पुन्हा रेघ, पुन्हा कापणं. मग रंधा. एक बाजू सपाट, मग तिच्याशी गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून दुसरी बाजू काटकोनात. पोरं वैतागायची, म्हणायची सर खुर्ची कधी. खुर्ची सहाव्या महिन्यानंतर. पण जो टिकायचा त्याची खुर्ची हलायची नाही.

आता तुम्हाला एक चाचणी सांगतो. क्लासवाल्यांना फोन करा आणि एकच विचारा, धार लावायला शिकवता का? पटाशीला (लाकूड कोरायची सपाट छिनी) आणि रंध्याच्या पात्याला. जर म्हणाले "मॅडम टूल्स सगळी रेडी असतात, तुम्ही टेन्शन घेऊ नका" तर समजा ती सहल आहे. सहलीला जायचं तर सहल म्हणून जा, हरकत नाही.

धार का म्हणतो, तर बाजारातून आणलेली नवी पटाशी कापत नाही. कंपनीने फक्त आकार दिलेला असतो. मागची बाजू आरशासारखी सपाट करावी लागते, पुढचा उतार साधारण २५ अंशाचा, आणि टोकाला अगदी बारीक पट्टा ३० चा. हे नाही आलं तर घरी जाऊन तुम्ही बोथट पटाशीने जोर लावणार, ती सटकणार, आणि मग तुमची ती दहा बोटं. लोकांना वाटतं धार असली की हात कापतो. हात जोर लावल्याने कापतो, आणि जोर बोथट हत्यारालाच लावावा लागतो.

---

दाढदुखी | सकाळी ११:०२

नाना!! दंडवत. आमच्याकडे अगदी हेच आहे. दाताचा किटण काढायचे स्केलर आणि क्युरेट बोथट झाले की ते किटणावरून नुसते घसरतात, मग आपण जोर लावतो आणि हिरडीला लागतं. कॉलेजात पहिल्या वर्षी आम्हाला दगडावर तेल टाकून धार लावायला बसवलं होतं तेव्हा मी शिव्या घातल्या होत्या. अजून आठवतंय, अँगल चुकला की आख्खं इन्स्ट्रुमेंट वाया.

म्हणजे मला धार लावता येते! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता यंत्रांबद्दल विचारते. मी रोज मिनिटाला तीन-चार लाख फेरे फिरणारं यंत्र लोकांच्या तोंडात घालते त्यामुळे वेगाची भीती नाहीये. पण त्या क्लासच्या फोटोत टेबलमधून वर आलेलं गोल पातं आहे, ते बघून पोटात गोळा आला. आणि दुसरी काळजी म्हणजे धूळ. लाकडाची धूळ नाकाच्या आणि सायनसच्या कॅन्सरला कारण ठरते हे आम्हाला शिकवलंय, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने ती पहिल्याच गटात टाकलीय, म्हणजे शंका नाही असा गट. सुतारांच्या नाकावर मी कधी मास्क बघितला नाही.

---

वाकस | दुपारी १:१०

जरा वेगळं लिहितो, राग मानू नये.

आम्ही सुतार. आजोबा गावचे बलुतेदार, म्हणजे नांगर, कुळव, बैलगाडी सगळ्या गावाचं करायचे आणि सुगीला धान्य मिळायचं, पैसे नाहीत. वडलांनी तालुक्याला फर्निचरचं दुकान टाकलं. मला त्यांनी हत्याराला हात लावू दिला नाही, म्हणाले शिक, हे करायचं नाही. मी इंजिनिअर झालो. आणि आता माझ्या ऑफिसातले इंजिनिअर शनिवार-रविवार पैसे भरून "वुडवर्किंग" शिकायला जातात आणि सोमवारी मला चमचा दाखवतात. मी म्हणतो छान आहे. काय म्हणणार.

तुम्ही धाग्याच्या नावात सुतारकाम लिहिलंत म्हणून हे लिहितोय, वुडवर्किंग असतं तर पुढे गेलो असतो.

माझं म्हणणं असं, की तुमच्या दवाखान्यात ज्याने काम केलं तो माणूस कुठे आहे? त्याला फोन केलात का? साडेआठ हजारातले अर्धे जरी त्याला दिले आणि चार रविवार त्याच्या शेडवर गेलात तर? त्याला शिकवता येईलच असं नाही, आमच्या वडलांना अजिबात यायचं नाही, ते फक्त "बघ" म्हणायचे. पण बघणं पण शिक्षणच आहे.

आणि आजोबांची हत्यारं अजून घरी आहेत. वाकस, किंकरं, गिरमिट, सामता. सामता म्हणजे दोरी गुंडाळून मागेपुढे ओढायचा भोक पाडायचा, ड्रिलचा आजोबा म्हणा. चालवणारा कुणी नाही.

---

मी_अनु७८ | दुपारी १:४५

@वाकस, ... (काय लिहावं सुचेना, पण वाचलं एवढं सांगायचं होतं.)

---

आयटीआय_नाना | दुपारी ४:३०

वाकस भाऊ, तुमच्या प्रतिसादाला नमस्कार. माझ्या वर्गात शेवटची काही वर्षं सुतारांची पोरं जवळजवळ नव्हतीच. ज्यांच्या घरी हत्यारं होती ते सगळे कॉम्प्युटरला.

डॉक्टर बाई, टेबलवाल्या पात्याबद्दल. घाबरताय ते योग्यच आहे. ते पातं तुमच्या अंगाकडे फिरत येतं, त्यामुळे लाकूड मागच्या बाजूने आवळलं गेलं किंवा वाकडं झालं की ते गोळीसारखं उलट तुमच्या पोटावर येतं. म्हणून पात्याच्या मागे एक पत्र्याची पाचर असते, ती काप उघडा ठेवते, ती क्लासमध्ये लावलेली आहे का बघा. पुष्कळ ठिकाणी "आड येते" म्हणून काढून टाकतात. आणि साइटवर आपले लोक चार इंची मार्बल कटर प्लायच्या फळीखाली उलटा ठोकून त्याचंच टेबल करतात, ना झाकण ना पाचर, बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं. तिथे चुकूनही उभ्या राहू नका. अर्धवट बोटाचे किती मिस्त्री मी बघितलेत.

अजून एक महत्त्वाचं, तुम्ही लोक ग्लोव्हशिवाय कामच करत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. फिरत्या पात्याजवळ ग्लोव्ह घालायचे नाहीत. पात्याला बोट लागलं तर जखम होते, ग्लोव्ह अडकला तर आख्खा हात ओढला जातो. ओढणी, मोकळे केस, बांगड्या, सगळं तेच.

धुळीचं म्हणाल तर हातकामात तो प्रश्न बराच कमी. रंध्यातून धूळ नाही, लाकडाच्या गुंडाळ्या निघतात, झाडूने गोळा होतात. करवतीचा भुसा जाडा असतो, खाली पडतो. नाकात जाते ती मशीनची आणि पॉलिश पेपरने घासल्याची बारीक पीठासारखी धूळ. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) तर कापूच नका घरात, त्यात चिकटवायचं रसायन पण असतं. घासताना एन-९५ लावा, कोविडातले उरले असतील.

---

शंकेखोर | संध्याकाळी ६:२०

म्हणजे नाना तुमचं म्हणणं हातानेच करायचं? २१व्या शतकात? एक फळी रंधायला अर्धा दिवस?

---

आयटीआय_नाना | संध्याकाळी ६:५५

धंदा करायचा असेल तर मशीनच पाहिजे. बाईंना धंदा करायचाय का?

---

स्टॉकहोमची_सई | रात्री ८:१०

इथे स्वीडनमध्ये शाळेत स्लॉइड नावाचा सक्तीचा विषय आहे, मुलगे मुली सगळ्यांना लाकूडकाम, धातूकाम आणि शिवणकाम. माझी मुलगी पहिल्यांदा घरी काय घेऊन आली तर लोण्याची सुरी, लाकडाची, चाकूने तासून केलेली. इथे पिढ्यान् पिढ्या मुलं तीच करतात, प्रत्येक आजीच्या ड्रॉवरमध्ये नातवंडांच्या पाच-सहा असतात.

मला यातलं काय आवडलं तर पहिली वस्तू इतकी छोटी आणि रोजच्या वापरातली. स्टूल म्हणजे मोठी उडी वाटते मला. त्यात चार पाय एकसारखे टेकायला हवेत. आपल्याकडे असं काय करता येईल? पोळपाट?

---

फणसाचा_गरा | रात्री ९:३०

पाट!!!

सई तुझा प्रतिसाद वाचून उडीच मारली. पाट करा ताई. एक फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या. वाटतं सोपं. आमच्या देवगडच्या घरी पणजीच्या वेळचे फणसाच्या लाकडाचे पाट आहेत, पिवळे होते म्हणे पहिल्यांदा, आता पार तपकिरी. लहानपणी उलटा करून गाडी गाडी खेळायचो तेव्हा लक्षात आलं नाही, आता गेल्या मे मध्ये बघितलं, खाली एकही खिळा नाही. पट्टी बाजूने खाचेत सरकवलेली आहे, आणि खाच आतून रुंद वरून अरुंद त्यामुळे पट्टी खाली पडत नाही. फेव्हिकॉल तर नव्हताच तेव्हा.

आमच्याकडे एक म्हातारे सुतार होते त्यांना विचारलं असं का तर म्हणाले "लाकूड श्वास घेता बाबा". पावसाळ्यात फळी आडवी फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीला नाही, रुंदीला. कोकणात तर पावसात दारं लागत नाहीत हे सगळ्यांनाच माहितीये, ते हेच. खिळे मारून पट्टी पक्की केली तर फळीला हलायला जागा नाही, मग ती मधोमध फाटते. खाचेतली पट्टी फळीला सरळ धरून ठेवते पण हलू देते. मला हे कळलं तेव्हा मी त्या पाटावर बसायचाच थांबलो दोन दिवस :)

---

आयटीआय_नाना | रात्री ९:५२

गरा साहेब एकदम बरोबर. फूटभर रुंद फळी असेल तर कोरड्या आणि ओल्या दिवसांत जवळपास सूतभर फरक सहज पडतो. सागवान त्यातल्या त्यात कमी हलतं म्हणून तर त्याला मान. पण नवशिक्याने सागवान घेऊ नये. महाग आहे ते एक, आणि त्यात मुळातच सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार, पात्याची धार लवकर खाते. पाइन मऊ म्हणून सोपं वाटतं पण बोथट पटाशीने ते कापलं जात नाही, चेपतं. आणि गाठी फार. शिवण मिळालं तर बघा, हलकं, हाताला गोड. नाहीतर जुनं लाकूड.

---

गिरमिटकाका | रात्री १०:१५

जुनं लाकूड म्हणाल तर वाडे पाडले त्याचं सागवान अजून मिळतं, भवानी पेठेत टिंबर मार्केटला चौकशी करा. पण घरी आणल्यावर आधी चुंबक फिरवा, जुन्या तुळईत खिळे कुठे लपलेत देव जाणे, एका खिळ्याने माझं रंध्याचं पातं पार चंद्रकोर झालं. हत्यारांसाठी जुना बाजार, बुधवार आणि रविवार. गंजलेला रंधा घ्या, गंज निघतो, पण खालचा तळ तडकलेला नाही ना ते बघा, बोटाने वाजवून बघायचं, भांडं घेताना वाजवतो तसं, बद्द आवाज आला की ठेवून द्या. मी तिथून घेतलेल्या पटाशा नव्यापेक्षा चांगल्या निघाल्या.

अवांतर: धारेसाठी महागडे दगड घेऊ नका आधी. काचेचा जाड तुकडा घ्या, त्यावर वॉटर पेपर चिकटवा, ४००, मग १०००, मग २०००. दीडशे रुपयांत काम. आमच्या वडलांकडे कुरुंदाचा दगड होता, मधे खड्डा पडलेला, त्यावर ते धार लावायचे आणि वर दाढीच्या हाताचे केस काढून दाखवायचे. म्हणजे हाताचे केस. असो.

---

दाढदुखी | सोमवार, रात्री १०:४०

बापरे, एका दिवसात एवढं. सगळ्यांना एकत्र उत्तर.

आज दुपारी दोन पेशंटच्या मधे फोन केला त्या क्लासला. नानांचा प्रश्न विचारला. फोनवरची मुलगी अगदी गोड बोलली आणि शब्द न् शब्द नानांनी लिहिलं तसंच, "मॅम टूल्स ऑल रेडी असतात, यू जस्ट एन्जॉय". मी जोरात हसले, तिला कळेना काय झालं. पाचरीचं पण विचारलं, ती म्हणाली सरांना विचारून सांगते. अजून फोन नाही.

मग शोधताना दुसरा एक सापडला, आठ रविवार, फक्त हातहत्यारं, फी बावीस हजार. तिथे सरांनीच फोन उचलला. पहिला आख्खा रविवार धारेचा आहे म्हणाले, आणि पुढे, "बरेच लोक दुसऱ्या रविवारी येत नाहीत". हे ऐकून मला एकदम ते आवडले. पण बावीस हजार, आणि रविवार सकाळ माझी सगळ्यात जास्त ओपीडी, नोकरीवाले पेशंट रविवारीच येतात. आठ रविवार म्हणजे फीपेक्षा बुडालेलं उत्पन्न जास्त. नवरा एवढंच म्हणाला, "कथ्थकची घुंगरं माळ्यावर आहेत".

@वाकस, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही म्हणालात म्हणून दवाखान्याच्या सुतारांना फोन केला. मी त्यांना मामा म्हणते. शेड धायरीला आहे. म्हणाले या की, पण मॅडम मला शिकवता नाही येणार, पोरं आपोआप शिकतात. पैशाचं विचारलं तर ओरडलेच माझ्यावर.

---

वाकस | सोमवार, रात्री ११:३०

पैसे घ्यायला लावा. दात बघून द्या त्यांच्या घरच्यांचे, पण पैसे पण द्या. "आपोआप" शिकतात ती पोरं वर्षभर फुकट किंवा अर्ध्या पगारावर झाडलोट करत शिकतात, ते आपोआप नसतं.

---

शंकेखोर | मंगळवार, सकाळी ७:१०

हे मात्र पटलं. +१

(मेव्हण्याला आज विचारलं धार लावता येते का. तो म्हणाला ब्लेड बदलतो.)

---

मी_अनु७८ | मंगळवार, सकाळी ९:००

ताई, एक मध्यममार्ग. मामांकडे एक रविवार जा, तोही अर्धा. काही घडवायचं नाही, नुसतं कापायचं. जर दुपारी घरी आल्यावर पुन्हा जावंसं वाटलं तर बावीस हजारांचा विचार. नाही वाटलं तर घुंगरांशेजारी काही ठेवावं लागणार नाही.

बाल्कनीचं काय ठरलं?

---

गिरमिटकाका | मंगळवार, दुपारी १२:२०

बाल्कनी पुरते हो. आपले सुतार कुठे टेबलावर काम करतात, जमिनीवर बसून पायाच्या पंजाने लाकूड धरतात, दोन हात मोकळे. आख्खी देवघरं तशी झालीत. तुम्हाला सवय नसेल तर गुडघे बोंबलतील, मग एक जाड पाटासारखी फळी आणि दोन शिकंजे बाल्कनीच्या कट्ट्याला... नाही, कट्ट्याला नको, सोसायटी भांडेल. जुनं लोखंडी टेबल बघा. तुळस हलवू नका, घरात महाभारत होईल.

---

दाढदुखी | पुढचा रविवार, रात्री ९:०५

अपडेट!

सकाळी साडेसातला धायरी. दवाखाना बाराला उघडला, पेशंटना मेसेज टाकून ठेवले होते. मामांनी मला एक वावभर लांब शिवणीचा तुकडा दिला (नाना, शिवणच! मी काही बोलले नव्हते), गुण्या दिला, पेन्सिल दिली आणि म्हणाले रेघ मारा. मी मारली. म्हणाले ही रेघ आहे का पट्टा आहे? पेन्सिलला टोक केलं पटाशीने, एका फटक्यात. पुन्हा मारली. मग करवत.

तीन तास मी फक्त कापलं. इंच इंच जाडीच्या चकत्या, एकोणीस झाल्या. पहिल्या आठ बघवत नाहीत. बाराव्याला मामा चहा पीत पीत आले, उचलली, गुण्या लावला, काही बोलले नाहीत, खिशात टाकली आणि गेले. मला बीडीएसचा रिझल्ट लागल्यासारखं झालं.

मधेच त्यांची एक पटाशी मागून घेतली आणि त्यांच्या निसण्यावर धार लावून दिली. त्यांनी अंगठ्याच्या नखावर टेकवून बघितली, सरकते का ते. सरकली नाही. मग त्यांनी दोन पोरांना हाक मारून दाखवली, "डॉक्टरीण बाईंनी लावलीय". त्या पोरांनी ज्या नजरेने बघितलं ना, माझी आता तिकडे काहीतरी पत आहे.

उजवा खांदा उचलत नाहीये. बारानंतर दोन रूट कॅनाल होत्या, एक पुढे ढकलली, खरं सांगते. म्हणजे रविवारी करवत आणि लगेच पेशंट हे जमणार नाही हेही कळलं.

तर ठरलं असं. साडेआठ हजारवाला क्लास रद्द (त्यांचा पाचरीचा फोन आलाच नाही). बावीस हजारवाल्या सरांशी बोलले, दिवाळीनंतरची बॅच घेतेय, शनिवारी दुपारी पण एक गट असतो म्हणाले, तो धरला, अर्धी फी भरली. तोपर्यंत महिन्यातून दोन रविवार मामांकडे. वाकस यांच्या सांगण्यावरून पैसे पाकिटात घालून मामींच्या हातात दिले, मामींनी मोजून घेतले. आणि पहिली वस्तू पाट. फणसाच्या लाकडाचा, खाचेतल्या पट्ट्यांचा. @गरा, देवगडच्या पाटाचा खालून फोटो मिळेल का, मापासकट?

आता एक शंका. माझी प्रत्येक चकती खालच्या बाजूला डावीकडे जाते. वरून रेघेवर असते, खाली गेलं की दोन सूत डावीकडे. मामा म्हणतात "हात बसेल". पण का जाते?

---

फणसाचा_गरा | रात्री ९:४०

फोटो गणपतीत गेलो की टाकतो. आईला आत्ता फोन केला तर म्हणाली पाट कशाला पालथा करायचा, वर लाडू वळत ठेवलेत.

---

वाकस | रात्री १०:१०

मोजून घेतले हे चांगलं झालं.

ती खिशातली चकती परत मागू नका.

---

आयटीआय_नाना | रात्री १०:३५

डावीकडे जाण्याची दोन कारणं. आधी हत्यार तपासा. करवतीचे दात आळीपाळीने एक डावीकडे एक उजवीकडे किंचित वाकवलेले असतात म्हणजे काप पात्यापेक्षा रुंद होतो आणि पातं अडकत नाही. एका बाजूचे दात जास्त वाकलेले असतील किंवा त्यांनाच जास्त धार असेल तर करवत त्या बाजूला ओढते. त्याच करवतीने मामांना एक काप मारायला सांगा. त्यांचाही डावीकडे गेला तर करवत दोषी.

त्यांचा सरळ गेला तर दोष तुमच्या कोपरात. तुम्ही लोक पेशंटच्या बाजूला बसून कोपर अंगाला चिकटवून काम करता ना? इथे ते चालत नाही. कोपर, मनगट आणि पातं एका रेघेत पाहिजे आणि कोपर अंगापासून मोकळं, पंपासारखं मागेपुढे. मुठीतलं पहिलं बोट (तर्जनी) पकडीत न घालता पात्याच्या दिशेने सरळ ठेवा. मूठ सैल, चिमणी धरल्यासारखी. आणि डोकं असं ठेवा की पात्याच्या दोन्ही बाजू थोड्या थोड्या दिसतील, एकच बाजू दिसत असेल तर तुम्ही वाकलेल्या आहात. काप सुरू करताना करवत आधी दोन-तीनदा नुसती मागे ओढा, मग पुढे.

वीस चकत्या अजून कापा आणि सांगा.